पाचवा माइक

गाडीत सामान भरताना कानसेन दर वेळी मोठ्यानं मोजायचा. माइक चार, स्टँड चार, वायरी सहा, हेडफोन एक. उघड्यावर ध्वनिमुद्रण करायचं तर विसरलेली वस्तू आणायला शेजारी दुकान नसतं, म्हणून ही सवय. त्याचं खरं नाव वेगळंच होतं, पण या धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर लोक ते विसरून गेले होते. ताई मात्र त्याला कान्या म्हणायची. तेवढा हक्क तिचा एकटीचा होता.

ताई त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ती सोळाची. गाण्याच्या शिकवण्या करून तिनं याला वाढवलं. आता तिच्या घशात गाठ निघाली होती. उद्या सकाळी आठला दवाखान्यात भरती, परवा शस्त्रक्रिया. आवाज राहील का, असं विचारल्यावर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले होते. त्या "बघू"चा अर्थ भावाबहिणीला बरोबर कळला होता आणि दोघांनीही तो एकमेकांपुढे काढला नव्हता.

आईचं एक गाणं होतं. चार कडव्यांचं, कुठल्या वहीत नसलेलं. ते आता फक्त ताईच्या गळ्यात उरलं होतं. कानसेनला चाल यायची, पण देव गळे वाटत होता तेव्हा हा कानांच्या रांगेत उभा होता. गाणं घ्यायचं तर आजच.

"स्टुडिओत नको रे," ताई म्हणाली होती. "त्या डब्यात जीव घुसमटतो माझा. खाणीत घे."

खाण म्हणजे गावाबाहेरची, कधीची बंद पडलेली दगडखाण. तरुणपणी ताई तिथं रियाज करायची. तिन्ही बाजूंनी उभे कापलेले कातळ, आणि मध्ये सोडलेला आवाज गोलाई घेऊन परत यायचा. फाटकावरच्या म्हाताऱ्या राखणदारानं किल्ली दिली. "जाताना हातात द्या, फाटकाला अडकवू नका," एवढंच तो बोलला.

साथीला व्हायोलिनवाले काका होते, ताईचे तीस वर्षांचे सोबती. पहिला माइक ताईपुढे लागला, दुसरा व्हायोलिनपुढे. तिसरा आणि चौथा कातळांकडे तोंड करून, परत येणारा आवाज टिपायला. गाडी खाणीच्या तोंडाशी मोठ्या दगडाआड उभी केली आणि ध्वनिमुद्रणाचं यंत्र तिच्या मागच्या फळीवर मांडलं. तिथून गाणारी माणसं दिसत नव्हती, म्हणून पाचवी वायर ओढून ताईच्या पायाशी त्यानं एक छोटा स्पीकर ठेवला. गाडीतलं बटण दाबून बोललं की त्याचा आवाज तिथं उमटायचा.

ताईनं पहिली ओळ घेतली. कानसेननं डोळे मिटले. ओळ संपली, ताईनं श्वास घेतला, आणि त्या फटीत आलं... खर्र.

पुढच्या ओळीत काही नाही. परत श्वास, परत खर्र. मग दोन ओळी साफ, आणि मग पुन्हा.

"थांबा हं," तो बटण दाबून म्हणाला.

सतत येणारी खरखर परवडते, कारण ती शोधेपर्यंत जागेवर बसून राहते. अधूनमधून येणारी खरखर मात्र माणसाला वेड लावते. हात लावला की गायब, पाठ वळली की हजर. त्यावर एकच उपाय, एकेक गोष्ट बाद करत जायची. वारा असेल म्हणून त्यानं माइकवर लोकरी टोप्या चढवल्या, पण वारा नव्हताच, गवताचं पातं हलत नव्हतं. तिघांचे मोबाइल बंद केले. वायरींची तोंडं पुसून त्या पुन्हा बसवल्या. पहिल्या माइकची वायर काढून जादाची सहावी लावली. खर्र. मग तीही खराब असेल म्हणून आणखी एक वायर ओढून लावली. खर्र. माइकांची अदलाबदल केली. खर्र. दर वेळी तो गाडीकडून खाणीत आणि खाणीतून गाडीकडे धावत होता. शर्ट पाठीला चिकटला होता, ऊन कातळाच्या वरच्या कडेवर गेलं होतं आणि खाली दगडांना ओला, लोखंडी वास सुटला होता.

"कान्या, माझा घसा फार वेळ नाही टिकणार," ताई म्हणाली. तिनं हे हसत सांगितलं, म्हणून त्याला जास्तच लागलं.

"दहा मिनिटं दे ताई. शेवटची दहा."

गाडीशी परतल्यावर त्यानं ठरवलं की आता धावायचं नाही, इथूनच हजेरी घ्यायची. ही धंद्यातली जुनी पद्धत. तिकडच्या माणसानं एकेका माइकच्या जाळीवर नख ओढायचं, इकडच्यानं ऐकून "घेतला" म्हणायचं आणि पुढचा मागायचा. ज्याची खरखर वेगळी तो चोर.

त्यानं बटण दाबलं. "काका, एकापासून क्रमानं जाळीवर नख ओढा. हं... पहिला."

हेडफोनमध्ये आलं, खर्र. यंत्रावर पहिला दिवा लुकलुकला.

"घेतला. पुढचा."

खर्र. दुसरा दिवा.

"घेतला. पुढचा."

तिसरा आला, चौथा आला. चारही स्वच्छ, अगदी सारखे. चोर काही सापडला नाही. वैतागून त्याची मान खाली गेली आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "घेतला. पुढचा."

खर्र.

"घेतला," तो म्हणाला. मग त्याचा हात थांबला. पाचवा दिवा पेटून हळूहळू विझत होता. पाचव्या खोबणीत वायर नव्हती.

"कान्या, कुणाशी बोलतोयस रे?"

तो दचकून वळला. ताई गाडीच्या पुढच्या दाराशी उभी होती, शेजारी काका थर्मासचं झाकण फिरवत होते.

"तुम्ही... तुम्ही कधी आलात इथं?"

"झाली की पाच मिनिटं. तुझ्या कानावर ती टोपरी, तुला काय कळतंय!" काका म्हणाले. "काही हवं होतं का?"

"स्पीकरवर बोललो... ऐकू नाही आलं?"

काकांनी खाणीकडे बोट केलं. "त्याची वायर तूच नाही का मघाशी उपसून ताईंच्या माइकला लावलीस?"

लावली होती. दुसरी जादाची वायर त्याच्याकडे नव्हतीच. सहा मोजून आणल्या होत्या, चार माइकांच्या, एक स्पीकरची, एक जादाची. म्हणजे त्याची हाक खाणीपर्यंत गेलीच नव्हती, आणि तरी खाणीतून पाच उत्तरं आली होती.

त्यानं हे दोघांना सांगितलं नाही. घाबरला होता, साफ घाबरला होता. पण ऊन चाललं होतं आणि उद्या सकाळी आठला भरती होती. त्यानं हेडफोन पुन्हा कानाला लावले. खरखर पूर्ण थांबली होती. इतकी शांतता त्यानं उघड्यावर कधी ऐकली नव्हती.

"चला," तो म्हणाला. "आता होईल."

ताई गायली. चारही कडवी, सलग, आवाजाला कुठं चरा न पडता. जिथं जिथं तिनं श्वास घेतला तिथं तिथं कानसेननं दात आवळले, पण काही आलं नाही. शेवटच्या कडव्याला त्याला रडू फुटलं. आई गाताना त्याला आठवत नव्हती, हे गाणं म्हणणारी ताईच आठवत होती.

गाणं संपल्यावर तो पळत गेला. ताईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं घशावर हात ठेवला, पुन्हा प्रयत्न केला, मग हसून मान हलवली. दमलाय गळा, अशी खूण केली.

फाटकाशी किल्ली देताना कानसेननं राहवेना म्हणून विचारलं, "बाबा, आत आणखी कुणी असतं का?"

राखणदारानं आधी गाडीत बसलेल्या ताईकडे पाहिलं. "मोजणी केली का काय आत?"

कानसेननं होकारार्थी मान हलवली.

"सुरुंग लावायच्या आधी मुकादम वरून मोजणी करायचा," म्हातारा म्हणाला. "खालून एकेकानं ओ द्यायची. एक गडी मुका होता. तो पहार दगडावर ओढायचा, तीच त्याची ओ. एकदा मुकादमाला ती ऐकूच गेली नाही. त्यानं चार मोजले आणि बत्ती दिली." त्यानं किल्ली कनवटीला खोचली. "खाली पाच होते."

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. गाठ साधी निघाली. "स्वरयंत्राला धक्कासुद्धा लागलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "आवाज यायलाच हवा." आठवडा गेला, महिना गेला. ताई पाटीवर लिहून बोलू लागली. एके दिवशी दुपारी तिनं लिहिलं, 'गाणं ऐकव ना.'

कानसेननं आधी एकट्यानं ऐकायचं ठरवलं. खोलीचं दार लावून तो यंत्रापुढे बसला आणि एकेक माइक वेगळा काढून ऐकू लागला. पहिल्यावर ताईच्या पदराची सळसळ होती, तिचा श्वास होता, लांबून व्हायोलिन होतं. गाणं नव्हतं. दुसऱ्यावर नुसतं व्हायोलिन. तिसऱ्या-चौथ्यावर कातळांवरून परतलेलं व्हायोलिन. मग त्यानं पाचवा लावला.

तिथं ताई गात होती. चारही कडवी, अगदी कानाशी, स्वच्छ. श्वास घ्यायला ती कुठंच थांबत नव्हती.

गाणं संपलं. थोडी शांतता गेली. मग खर्र झालं, आणि ताईच्याच आवाजात, शांतपणे, कुणीतरी म्हणालं, "घेतला."

कानसेन यंत्र बंद करायला पुढे झाला, पण त्याआधीच तो आवाज पुन्हा आला.

"पुढचा."

बाहेरून ताईनं दारावर पाटी वाजवली. झालं का ऐकून, असं तिला विचारायचं होतं. कानसेननं ओ द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून, दोन्ही हातांनी दाबून धरलं.