हरिनानांची दुसरी टक्

“हरिनाना, तुमी अजून इथंच हायत का?”

एवढंच विचारायचं होतं. रिकाम्या गॅरेजात एकटीनं उभं राहून, मोठ्यानं, मोबाईलवर रेकॉर्ड करत.

पैज आम्ही लावली होती, मी आणि माझ्या मैत्रिणीनं, सत्यशीलानं. म्हणजे ही ऐकीव गोष्ट नाही. संस्कृती माझी सख्खी मावसबहीण. ती आत गेली तेव्हा आम्ही दोघी समोरच्या रसवंतीवर बसलो होतो. आत काय झालं ते तिनं मला तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा एक शब्द बदलला नाही.

हसायचं असेल तर हसा. आम्ही पण हसत होतो.

होळीनंतरचा तिसरा दिवस. गेवराईजवळ हायवेला लागून रामकिसनकाकांचं, म्हणजे संस्कृतीच्या पप्पांचं गॅरेज आहे. दुपारचा पाऊण वाजला होता. लाईट गेलेली. काका मागच्या घरात जेवायला बसलेले.

भुताची वेळ म्हणावी, तर डोक्यावर रणरणतं ऊन.

आमची संस्कृती अकरावीला. मिस्त्रीणबाई म्हणतात तिला सगळे. जानेवारीत तिनं ‘काळी’चं ऑईल बदलतानाची रील टाकली आणि एका रात्रीत फेमस झाली. काळी म्हणजे पंडितआबांची चौसष्ट सालची मोटार. वरातीला तीच, मिरवणुकीला तीच. इंजिन इतकं जुनं की कुठून ना कुठून ऑईल गळायचंच. ती गळती बंद करावी तर हरिनानांनीच.

हरिनाना गॅरेजातले सगळ्यात जुने मिस्त्री. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच, फॅनच्या पट्ट्यात गेलेलं. संस्कृतीला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांची एक सवय होती. नट आवळून झाला की त्याच्यावर पान्यानं दोनदा वाजवायचे.

टक्. टक्.

दोन्ही टक् वाजल्या की समजायचं, काम पक्कं झालं.

आता त्या रीलमधलं सांगते, जे कुणाच्याच लक्षात आलं नाही. ती गाडीखालच्या खड्ड्यात उतरते. इंजिनाच्या पोटाशी ऑईलची टाकी असते, तिला चेंबर म्हणतात. त्या चेंबरचा नट ती हातानं फिरवून बसवते, कॅमेऱ्याकडे बघून झकास हसते, आणि रील संपते.

पाना मारायचा राहिला.

वरून नानांनी विचारलं होतं, “पाना मारला का गं माय?”

ती म्हणाली, “हो.”

आठव्या दिवशी कपिलधारच्या वाटेवर तो नट गळून पडला. ऑईल सगळं रस्त्यावर, इंजिन जाम. शेवटचा पाना नानांचाच असणार, असं धरून पंडितआबा गॅरेजात येऊन चार माणसांत त्यांना नाही नाही ते बोलले. काकांनीही त्यातच भर घातली. “नाना, आता हात थकले तुमचे. घरी बसा.”

नानांनी एकदाच संस्कृतीकडे बघितलं. आपला पाना पुसला, खिळ्याला अडकवला आणि गेले.

तिनं खरं सांगितलं नाही. कारण दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी होती, आणि त्याच रीलसाठी कॉलेजात तिचा सत्कार होता.

त्यानंतर नाना गॅरेजची पायरी चढले नाहीत. मार्चमध्ये एका पहाटे झोपेतच गेले.

आमच्याकडे माणूस गेला की त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात आणि वर टोपलं पालथं घालतात. सकाळी पिठावर कशाचं पाऊल उमटलंय ते बघतात. त्यावरून जीव कुठं गेला ते कळतं म्हणे. नानांच्या बायकोनं, छबुबाईंनी, टोपलं उचललं...

पीठ जसंच्या तसं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

“ते गेलेच न्हाईत,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्यावरून आम्हाला पैज सुचली. आता लाज वाटते. पण तेव्हा नटाचं आम्हाला कुठं माहीत होतं?

त्या दुपारी काळी खड्ड्यावरच उभी होती. इंजिनाचं काम नव्यानं झालं होतं, तरी गळती थांबेना. म्हणून काकांनी सकाळी इंजिन डिझेलनं धुऊन, पुसून, सगळीकडे अंगाला लावायची पावडर मारली होती. ऑईल जिथून निघेल तिथं पावडर भिजते, ओघळ लगेच दिसतो. खाली खड्ड्यात पुठ्ठा टाकला होता.

संस्कृतीनं प्रश्न विचारला.

काही नाही.

ती हसली. मोबाईलमध्ये म्हणाली, “नाना जेवायला गेले वाटतं.”

तेवढ्यात...

थप्.

पुठ्ठ्यावर थेंब पडला.

आणि मग...

टक्.

एकच.

ती दुसरीची वाट बघत राहिली. दुसरी आलीच नाही. तिची नजर भिंतीवर गेली... खिळा रिकामा. नानांचा पाना तिथं नव्हता.

ती टॉर्च लावून खड्ड्यात उतरली. पळून का आली नाही, असं मी विचारलं. म्हणाली, पाय बाहेर वळेचनात.

पावडर कोरडी ठणठणीत. एकही ओघळ नाही. पण पुठ्ठ्यावर ऑईल होतं. तिनं चेंबरच्या नटाला हात लावला. तो दोन बोटांनी फिरला. सकाळीच काकांनी पाना मारून आवळलेला नट.

नानांचा पाना खालच्या पायरीवर होता. खड्ड्यात ऊन येत नाही, तरी कोमट लागला. कुणीतरी आत्ताच हातातून ठेवल्यासारखा.

तिनं खांदा भरून येईपर्यंत नट आवळला. मग हळूच म्हणाली, “नाना, तेव्हा मी पाना मारला नव्हता. खोटं बोलले.”

आणि कान देऊन थांबली.

दुसरी टक् आली नाही.

टॉर्च वर केला, तर नटाच्या शेजारी, कोऱ्या पावडरीवर... चार बोटं उमटलेली. मधलं अर्धं.

उतरली तेव्हा तो ठसा तिथं नव्हता. हे ती देवाची शपथ घेऊन सांगते.

ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. प्रश्न आहे, थेंब आहे, तिची कबुली आहे. टक् नाही. पण ती टक् रस्त्याच्या या बाजूला आम्हा दोघींना ऐकू आली होती. तेव्हापासून कुठंही एक टक् वाजली की मी श्वास धरून दुसरीची वाट बघते.

काकांनी ठसा बघितला. सकाळी माझाच हात लागला असंल, म्हणाले.

काकांची दहाही बोटं शाबूत आहेत.

संध्याकाळी संस्कृतीनं घरात सगळं सांगितलं. गीतामावशी, म्हणजे तिची आई, म्हणाली, झालं ते झालं, गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो, कॉलेजात तुझं नाव खराब होईल. काका म्हणाले, पंडितआबा पुन्हा गाडी आणणार न्हाईत. तू खड्ड्यात कबूल केलंस ना, मिटलं.

संस्कृती उठून उभी राहिली.

“न्हाई मिटलं, पप्पा. दुसरी टक् कुठं आली? उद्या नानांचं तेरावं हाय. पंडितआबा येणार, सगळं गाव येणार. पंगत बसायच्या आधी मी छबुबाईंशेजारी उभी राहून सांगणार, नट माझा राहिला होता. तुमी संगं आलात तर बरंच. न्हाई आलात, तर मी एकटी जाणार हाय.”