येतो म्हटल्याशिवाय

मजल्यावरची सगळी तिला अजून सिस्टर म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जिन्यात कुणाचं पोर पडलं की आधी तिच्या दारावर थाप पडे. आयुष्यभर तिने वॉर्ड सांभाळला होता. भेटीची वेळ संपली की ती नुसती दारात उभी राही आणि नातेवाईक निमूट चपला शोधू लागत. असा जिचा दरारा, तिला स्वतःच्या मुलाला जेवायला उठवता येत नव्हतं. ही गोष्ट तिच्या घशात काट्यासारखी रुतून बसली होती.

मुलगा तिशीचा. नकाशे काढायच्या ऑफिसात कामाला. घरी आला की खोलीत शिरे, कानांवर हेडफोन चढवी आणि कॉम्प्युटरवरच्या खेळात त्याची टोळी कुठलातरी किल्ला लढवत बसे. टोळीतल्या कुणालाही त्याने समोरासमोर पाहिलं नव्हतं. एक डॉक्टर, कारण खेळात तो जखमा बांधायचा. एक म्हातारा, कारण तो सारखा खोकायचा. आणि एक मिरची. तिची जीभच तशी. दाराआडून सिस्टरला मुलाचं हसणं ऐकू येई. नाकातून फुस्सकन सुरू होऊन पोटात उतरणारं, थेट त्याच्या बापाचं हसणं.

"आम्हालाही थोडं हसून दाखव की," ती म्हणायची. "का त्याचंही तिकीट काढावं लागतं?"

"अगं आलोच, पाच मिनिटं."

तो लहान होता तेव्हा त्याच्याच वयाच्या पोरांबरोबर खाली जिन्यात खेळे. हाका मारून मारून घसा बसायचा, पण निदान कॉलर धरून फरफटत वर आणता यायचं. आता कुणाची कॉलर धरायची?

त्या रविवारी त्याची थोरली बहीण आली होती, कितीतरी महिन्यांनी, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची होती. दुपारी ताटं वाढली. सिस्टरने हाक मारली, पुन्हा मारली. आतून नुसतं "डावीकडे, अरे डावीकडे!" ऐकू येत होतं. ताटं निवत चालली.

"जाऊ दे गं आई," मुलगी म्हणाली. "मला काही हे नवीन नाही."

ती हे इतक्या सवयीने म्हणाली की सिस्टरच्या मस्तकात तिडीक गेली. ती तरातरा खोलीत गेली आणि मुलगा बोलत असतानाच वाकून तिने भिंतीतला प्लग उपटला.

"भेटीची वेळ संपली!"

स्क्रीन काळा झाला. मुलाचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडं राहिलं. आता हा घर डोक्यावर घेणार, असं तिला वाटलं. तीही पदर खोचून तयार होती. पण त्याने हेडफोन काढून खुंटीला अडकवले, हात धुतले आणि तो ताटावर येऊन बसला.

ज्याला लहानपणापासून कांद्याचा वाससुद्धा चालत नसे, त्याने ताटातला कांदा खाल्ला. सगळा.

त्यानंतर त्याने खेळाचं नाव काढलं नाही. संध्याकाळी तो बाहेरच्या खोलीत येऊन बसे. शेजारच्या पोस्टमास्तरांचं गुडघेपुराण शेवटपर्यंत ऐके. बाजाराच्या पिशव्या न सांगता आणी. शेजारणी म्हणत, "सिस्टर, काय औषध दिलंत हो? आमच्याकडच्यालाही एक डोस द्या." सिस्टर ताठ मानेने मिरवत होती.

पण तो हसत नव्हता. कुणी विनोद केला की त्याचे ओठ बाजूला जात, एवढंच. भांडतही नव्हता. तिने मुद्दाम त्याचा लाडका शर्ट फरशी पुसायला घेतला. "चालेल," तो म्हणाला. एकदा तो पिशव्या घेऊन जिना चढून आल्या आल्या तिने त्याचं मनगट धरलं. नाडी संथ होती, गाढ झोपलेल्या माणसासारखी. कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

मुलीचा फोन आला. "आई, बँकेतली माणसं फोनवर बोलतात ना, तसा बोलतो तो माझ्याशी. 'आणखी काही मदत हवी आहे का' एवढंच विचारायचं बाकी ठेवलंय."

"कामाचा ताण असेल."

"तुला हवा होता तसा झालाय ना? मग आता घे!"

सिस्टरने फोन आपटला. कुणावर चिडायचं ते तिला कळेना, म्हणून ती सगळ्यांवरच चिडली.

एका सकाळी तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता आणि ती त्याची खोली झाडत होती. प्लग अजून टेबलाखाली तसाच लोळत होता. आणि खुंटीवरचे हेडफोन कुजबुजत होते.

आत बॅटरी असेल, तिने स्वतःला सांगितलं. मग तिचा राग उसळला. आयतीच सापडली टोळी! तिने हेडफोन कानांवर चढवले.

"लाजा वाटतात का रे तुम्हाला? लोकांच्या पोरांना नादी लावता!"

कुणीतरी खोकलं. मग एका मुलीचा आवाज आला. "अय्या, काकू? थांबा हं. ए, इकडे ये, तुझी आई आलीय."

"कुणाला बोलावतेस?"

"आली का!" नाकातून फुस्सकन कुणीतरी हसलं. "आणि रागातच असणार, पैज लावतो."

स्वयंपाकघरात नळ चालू होता. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"आवाज भरून ठेवलाय तुम्ही," ती म्हणाली. तिला खोकणाऱ्याचा, मिरचीचा, सगळ्यांचा गळा धरावासा वाटला. "सांग मग, तुझी हनुवटी फुटली तेव्हा टाके घालणाऱ्या डॉक्टरांना काय म्हणालास?"

"'माझ्या आईला घालू द्या, तिला शिवण छान येते.' आणि तू भर वॉर्डात मला धपाटा घातलास. फुटली हनुवटी, सुजली पाठ!"

ती हेडफोन ठेवून स्वयंपाकघरात गेली. तोच प्रश्न तिने तिथेही विचारला.

"हनुवटीला टाके पडले होते," तो भांडं विसळत म्हणाला. "मी म्हणालो, आईला घालू द्या. मग तू मला मारलंस."

हनुवटीवरची खूण जागच्या जागी होती.

ती परत खोलीत आली. "चल, घरी ये," ती हेडफोनमध्ये ओरडली. "आत्ताच्या आत्ता!"

"काकू, आमच्यात 'येतो' म्हटल्याशिवाय कुणी उठत नाही," मिरची म्हणाली. तिचा आवाज आता तिखट नव्हता. "जाणारा 'येतो' म्हणतो, आम्ही सगळे 'ये' म्हणतो, मगच तो जातो. त्या दिवशी तो बोलायच्या आत..."

"मग आता म्हण म्हणावं!"

"रोज म्हणतो गं आई," मुलगा म्हणाला. हसू विरलं होतं. "पण घरातली माझी खुर्ची आता रिकामी नाही."

त्या दिवसापासून ती हेडफोन लावून खोलीतच बसू लागली. शेजारणी आल्या की तो दार उघडून सांगे, "आई कामात आहे." पोस्टमास्तर दोनदा येऊन परत गेले. मुलीचे फोन वाजून वाजून थांबत.

आत ती हसत असे. इतकं तर ती नवरा गेल्यापासून हसली नव्हती.

बाहेरचा तो मात्र तिला डोळ्यांसमोर नको झाला. तिच्या मुलाचे कपडे घालणारा. तिच्या मुलाच्या ताटात जेवणारा. त्याची चाहूल लागली तरी तिच्या कपाळाची शीर उडे.

एका दुपारी तो दारात आला. हातात तिचं ताट होतं.

"आई, जेवून घे. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"मला आई म्हणायचं नाही!" ती कडाडली.

तो हलला नाही. ताट त्याने तसंच पुढे धरलं होतं.

"दार लावून घे," कानात तिचा मुलगा म्हणाला. "तो ऐकतोय."

ती उठली. त्याच्या तोंडावर दार लोटून तिने कडी घातली.

बाहेर ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग दाराला टेकून कुणीतरी खाली बसलं, आणि रडू लागलं.

वॉर्डात आयुष्य गेलेल्या बाईला खरं रडणं ओळखू येतं.

"लक्ष देऊ नकोस," कानातला आवाज प्रेमाने म्हणाला. "थांबेल थोड्या वेळाने."