तो ओरडला का नाही?

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या आजीचे मामा, वीरभद्र मास्तर, यांच्या बाबतीत घडलं. आजीनं ते त्यांच्याच तोंडून ऐकलं.

गाव जळकोट. निजामाचा अंमल होता. सन १९४६, चैत्र महिना. रात्र नव्हती की अमावस्या नव्हती... टळटळीत दुपार होती.

मठाच्या ओसरीत नाटकाची तालीम चालली होती. मास्तरांची रीत अशी की, प्रसंग आधी उलगडून सांगायचा, मगच गड्यांना उभं करायचं. त्या दिवशी खुनाचा प्रसंग होता. राजगादीपायी थोरला राजपुत्र निजलेल्या धाकट्यावर खंजीर उगारतो. धाकटा डोळे उघडतो, बघतो आणि मुकाट मरतो. आई शेजारच्याच महालात असते.

धाकट्याचं काम गोरोबा कुंभाराकडं होतं. गडी भोळा, पण त्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

"मास्तर, ह्यो जागा हाय. खंजीर बघतुय. मग वरडत का न्हाय?"

मास्तरांनी हातातली वही मिटली.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ बसवराज असाच मुकाट गेला होता. गाळ काढायला तो विहिरीत उतरत होता. वर दोर मास्तरांच्या हातात. सकाळीच दोघांचं वाटणीवरून कडाक्याचं भांडण झालेलं. दोर सुटला. "निसटला," असं मास्तरांनी गावाला सांगितलं. आई शिवम्मा, दोघांची अव्वा, दहा पावलांवर चिंचेखाली आडवी झाली होती...

बसवराज ओरडला नव्हता.

"भीतीनं वाचा बसते," मास्तर कसंबसं म्हणाले.

टप्...

ओसरीच्या कोपऱ्यात थेंब पडला. वरचं छप्पर कोरडं ठणठणीत.

टप्...

मग मागून, अगदी कानाजवळ...

"न्हाय, अण्णा. वरडलो असतो तर अव्वा उठली असती. तुमचं तोंड बघून तिला समदं कळलं असतं."

आवाज फक्त मास्तरांना ऐकू आला. पण कोपऱ्यातली ओल सगळ्यांनी पाहिली. गाळाचा वास येत होता. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी ती ओल. बसवराजला मठामागं तसंच बसवून पुरलं होतं, आम्हा लिंगायतांत पुरतात तसं.

तालीम तिथंच राहिली. मास्तर तडक घरी गेले. शिवम्मा जोंधळे निवडत होती. तिच्या पायाशी बसून ते ढसाढसा रडले.

"अव्वा, दोर निसटला न्हाय... म्या सोडला."

शिवम्माचे हात थांबले नाहीत.

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी जागीच हुते. एक गेला हुता. दुसऱ्याला कुटं घालवू?"

ते नाटक कधीच झालं नाही. शिवम्मा गेली, मास्तरही गेले. ओसरीवर आता फरशी आहे. गेल्या चैत्रात मी मुद्दाम भर दुपारी गेलो. कोपऱ्यातल्या फरशीवर हात टेकवला...

ओली.

मला भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं. आई झोपली होती, तिला काही कळलं नाही, असंच समजून तो अजून तिथं गप्प बसून असेल का?

त्याला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं...

माझ्याही तोंडून आवाज फुटला नाही.