रिकामं बटण

तेजलला कीबोर्ड बनवायचं वेड लागलं तेव्हा तिच्या आईने, विमलाबाईंनी, कपाळाला हात लावला होता. दुकानात तयार मिळणाऱ्या वस्तूसाठी ही मुलगी एमजी रोडवरून सोल्डरची तार आणते आणि सुट्टीभर डाग देत बसते, हे काही त्यांच्या पचनी पडेना. पण तिचे वडील, सहादू मास्तर, गेल्यावर तेच वेड घरात कामाला आलं.

मास्तरांनी सुरगाण्याच्या पाड्यांवर सव्वीस वर्षं शाळा चालवली आणि तिथल्या बोलीतले शब्द वह्यांत उतरवले. प्रत्येक शब्दापुढे त्यांच्या स्वतःच्या खुणा असायच्या. शेतीतला शब्द असेल तर त्रिकोण, गाण्यातला असेल तर लाट. अर्थ विचारायचा राहिला की पोकळ वर्तुळ. जाणत्या माणसाने स्वतःच्या तोंडाने अर्थ सांगितला, की त्या वर्तुळात टिंब पडायचं आणि शेजारी त्या माणसाचं नाव. ऐकीव माहिती मास्तरांना अजिबात खपायची नाही. अशा चौदा वह्या झाल्या, आणि बरीच वर्तुळं पोकळ ठेवून ते गेले.

वह्या टाइप करायच्या, असं विमलाबाईंनी ठरवलं. मास्तरांची मेहनत वाया जाऊ नये हे कारण होतंच, पण आतलं कारण एकच शब्द होता. लग्न झाल्यापासून मास्तर त्यांना एकांतात ‘टिवरी’ म्हणायचे. अर्थ विचारला की नुसते हसायचे. चाळीस वर्षं हा माणूस हसत राहिला. वह्यांत कुठेतरी तो शब्द अर्थासकट सापडेल, या आशेवर विमलाबाई रोज सकाळी चहा झाला की कामाला बसायच्या.

तेजलने त्यांच्यासाठी खास कीबोर्ड केला. आतल्या चिपमधला प्रोग्रॅम, ज्याला ती फर्मवेअर म्हणायची, तोही तिनेच लिहिला. डाव्या अंगठ्याखालचं बटण दाबून धरलं की अक्षरांऐवजी मास्तरांच्या खुणा उमटायच्या. एक बटण मात्र आईच्या हट्टापायी रिकामं ठेवावं लागलं. विमलाबाई कचेरीत टायपिस्ट होत्या, आणि त्यांच्या टाइपरायटरवरचा एका अक्षराचा खिळा तुटलेला होता. साहेबांनी हाताने भरायची जागा सोडताना त्या तेच बटण चार वेळा हाणायच्या. कागद पुढे सरकायचा, उमटायचं काही नाही. बोटांना ती सवय अशी जडली होती, की त्याशिवाय त्यांचा ताल चुके. म्हणून तेजलने त्या बटणाला नुसती मोकळी जागा दिली.

त्यांची नजर कायम वहीवर असायची. स्क्रीनकडे बघत टाइप करतो तो कच्चा टायपिस्ट, असं त्या म्हणत. नाशिकरोडच्या त्यांच्या घरात थंडीतलं ऊन टेबलावर यायचं, म्हणून स्क्रीनही त्यांनी भिंतीकडे वळवून ठेवली होती.

पहिल्या रविवारी तेजल फाइल तपासायला बसली. वहीत एका शब्दापुढे पोकळ वर्तुळ होतं. फाइलमध्ये त्यात टिंब पडलेलं होतं. पुढे अर्थ होता: ‘पेंढ्या बांधून झाल्यावर वावरात मुद्दाम ठेवतात ती शेवटची काडी.’ आणि नाव, कुसाबाई.

आईने कोणाला तरी विचारून भरलं असेल, असं तिला वाटलं. विमलाबाई उलट रागावल्या. वहीत आहे तेच टाइप केलं, तिथे तर ते रिकामं बटण दाबून मी जागा सोडली होती, म्हणाल्या.

तेजलने प्रोग्रॅम उघडला. त्या बटणापुढे मोकळी जागाच होती. तिने चिप पुसली, सगळं नव्याने भरलं. पुढच्या रविवारी आणखी दहा वर्तुळांत टिंबं होती.

तिने पाड्यावर कुसाबाईच्या मुलाला, झिपरूला, फोन लावला.

“अर्थ बरोबर हे,” झिपरू म्हणाला. “पर आईनं मास्तरांला कधी सांगितला नाय. विचारून विचारून थकले ते. अन् आई तर दिवाळीत गेली.”

मास्तर त्याआधी, श्रावणात गेले होते.

तेजलने एकेक नाव विचारत नेलं. अकराही माणसं आता नव्हती. ज्या शब्दांचे जाणते अजून हयात होते, त्यांची वर्तुळं पोकळच होती.

तिने ते आईला सांगितलं. विमलाबाईंनी चष्मा पदराला पुसला.

“म्हणजे अजून वही घेऊन फिरतायत,” त्या म्हणाल्या. “खाण्यापिण्याची शुद्ध नसेल या माणसाला.”

तेजलला रडू आलं आणि हसूही आलं.

चौदावी वही संपली. ‘टिवरी’ हा शब्द कुठेच नव्हता.

विमलाबाईंनी वही मिटली. तेजल समोर भिंतीला टेकून उभी होती. वही नसताना त्यांनी पहिल्यांदाच बोटं कीबोर्डवर ठेवली आणि डोळे मिटून तो शब्द टाइप केला.

मग रिकामं बटण. चार वेळा.

स्क्रीन फक्त तेजलला दिसत होती.

वर्तुळ उमटलं. पोकळ.

त्यापुढे अक्षरं आली. ‘समक्ष सांगतो. गुरुवारी.’

“काय आलं गं?”

तेजलने हात पुढे करून ओळ पुसली. “काही नाही, आई.”

विमलाबाईंनी मान हलवली. कीबोर्डवर फडकं घातलं, चारी बाजूंनी नीट ओढलं, आणि कपाळावरचे केस सारखे केले.

“गुरुवारी ऑफिसातून सावकाश ये,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी घाई करू नकोस.”