बीग म्हणजे कुलूप

प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि ऋचा दोन पावलं मागेच सरकली. समोर एक तरुण उभा होता. डोक्यावर घट्ट टोपी, टोपीतून निघालेल्या वायरी खांद्यावर, आणि कपाळावर ओघळणारं जेल.

"घाबरू नका," तो म्हणाला. "आज मेंदू माझाच तपासतायत. आत या."

हा प्रणेश. मैसूरच्या अग्रहार या जुन्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातला, पीएच.डी. करणारा. ऋचा साताऱ्याहून आलेली. वाणी आणि मेंदूच्या या लॅबमधला तिचा पहिलाच दिवस. परक्या गावात मराठी कानावर पडली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

शिकवायला तोच होता. केस न ओढता जेल कसं लावायचं, पापणी हलली की पडद्यावरची रेघ कशी उसळते… एकदा टोपी तिच्या डोक्यावर चढली आणि रेघ काही केल्या थांबेना.

"स्वल्प स्थिर बघा."

"कुठे?"

"समोर."

"समोर तर तुम्ही आहात…"

त्यानं खुर्ची बाजूला घेतली. त्याचे कान लाल झालेले तिनं पाहिलेच.

पण तिला खरा भावला तो पेशंटशी बोलताना. त्यांच्याहून बुटक्या स्टुलावर बसायचा, त्यांचा शब्द अडला तरी स्वतः पुरवायचा नाही. अशी वाट बघणारा माणूस तिनं आधी पाहिला नव्हता.

दोन महिन्यांनी कमलिनीबाई आल्या. पक्षाघातानंतर वाचा अडखळलेली. घरची भाषा मराठी, म्हणून चाचणी ऋचाकडे आली. चाळीस चित्रं, चाळीस नावं. कुलपाचं चित्र पाहून बाई म्हणाल्या, "बीग." ऋचानं फुली मारली. शिडीला म्हणाल्या, "एणी." पुन्हा फुली. फुल्या वाढत गेल्या, बाईंची नजर कागदावर गेली आणि शेवटच्या दहा चित्रांना त्यांनी तोंडच उघडलं नाही.

संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकून प्रणेशनं हेडफोन उतरवले.

"बीग म्हणजे कुलूप, ऋचा. शब्द कन्नड आहे, पण आमच्या घरातही तसंच म्हणतात. त्या बरोबर बोलत होत्या."

आपणच तुला आधी सांगायला हवं होतं, मॅडमशी मी बोलतो, असं तो म्हणत होता; पण ती स्वतःच उठून लॅबप्रमुख विभावरी मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून आली. अहवाल अजून गेला नव्हता. चाचणी पुन्हा घेता आली असती, पण बाई यायला तयार नव्हत्या. सून फोनवर म्हणाली, त्या दिवसापासून त्या घरातही बोलत नाहीत.

शनिवारी प्रणेशच्या स्कूटरवरून दोघं त्यांच्या घरी गेले. बाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. ऋचा जमिनीवर बसली.

"आजी, चूक तुमची नव्हती. मला तुमची मराठी येत नव्हती. शिकवाल का?"

प्रणेश दाराशी वाट बघत उभा होता. मग बाईंनी हात उचलला, कपाटाच्या कुलपाकडे बोट केलं. "बीग." ताटाकडे… "तट्टे." ऋचा मागून म्हणत गेली. तिचा उच्चार ऐकून बाईंना हसू आलं, सून स्वयंपाकघरातून धावत आली आणि पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. येत्या गुरुवारी लॅबला येते, असं बाई आपणहून म्हणाल्या.

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानात दोघं कॉफीला थांबले. पाऊस भुरभुरत होता. ऋचा म्हणाली, "तुम्ही नसता तर मी कधीच…"

"तुम्ही जमिनीवर बसलात," तो म्हणाला. "मी तेच बघत होतो." मग तो पेला बोटांत फिरवू लागला. "एक सांगायचंय… पण हे आमच्या घरी मराठीत कुणी बोलत नाही."

"मग कन्नडमध्ये सांगा."

"नीवंद्रे ननगे इष्ट."

'इष्ट' म्हणजे आवडणं, एवढं तिला कळलं, आणि उरलेलं त्याच्या चेहऱ्यावरून. कन्नडचे जेमतेम वीस शब्द यायचे तिला. त्यातला एक तिनं काढला.

"ननगू." मलाही.

प्रणेशनं श्वास सोडला. "मग उद्या घरी ऊटाला… जेवायला या. आई दोन महिने विचारतेय, ती मुलगी कधी येणार म्हणून."

"दोन महिने? त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच," तो म्हणाला. "तुम्हाला तेवढं सांगायचं राहिलं होतं."