साल अजून आलं नाही

भिलाईत मराठी बोलण्याचा एक मोठा फायदा आहे. कुणाबद्दलही, अगदी त्याच्या तोंडावर, काहीही बोलता येतं. आजूबाजूला हिंदी, छत्तीसगढी, मल्याळी, पंजाबी सगळं ऐकू येतं. आमची मराठी मात्र क्वार्टरच्या दाराआतच राहते. निदान मी तरी तसं धरून चालले होते.

त्या दिवशी सिविक सेंटरहून विद्यापीठाकडे जाणाऱ्या ऑटोत मी आईशी फोनवर बोलत होते. एलएलबीचा पहिला दिवस, आधीच उशीर झालेला, आणि समोर एक चष्मेवाला मुलगा बसलेला. त्याची भली मोठी बॅग माझ्या गुडघ्यांवर रेललेली.

"नाही वं आई, बसाले जागा कुठं आहे! समोर एक नमुना बसून आहे. बॅगेत गोटे भरून आणले वाटते. आणि तोंड तर असं करून राहिला, जसा का दुर्गचा कलेक्टरच आहे!"

नमुन्याने बॅग उचलली आणि स्वतःच्या मांडीवर घेतली.

"गोटे नाहीत, पुस्तकं आहेत," तो म्हणाला. अगदी आमच्या घरच्या बोलीत! "आणि तोंड जन्मापासून असंच आहे. त्याले इलाज नाही."

फोन माझ्या हातातून पडायचाच राहिला. तिकडून आई 'काय झालं वं, काय झालं?' करत होती.

"तुले... तुले मराठी येते?"

"येते नं. पण आता वाटते, नसती येत तर बरं झालं असतं."

आणि तो हसला. हसला की त्याचा चष्मा नाकावरून घसरतो आणि तो एका बोटाने वर ढकलतो. हे मी त्याच दिवशी पाहून ठेवलं. उगाच खोटं कशाला बोलू?

ऑटोतून तो माझ्याच मागे उतरला, माझ्याच मागे जिना चढला आणि माझ्याच वर्गात येऊन बसला. अमरदीप गजभिये. राहणार चरोदा, रेल्वे कॉलनी.

आम्हाला विधी इतिहास शिकवायला नायर मॅडम होत्या. जन्म भिलाईचा, माहेर केरळचं, नवरा सरदारजी आणि शिव्या छत्तीसगढी, असा सगळा आमच्या टाउनशिपचा मसाला. हा विषय रटाळ आहे असं कुणी म्हटलं की त्यांना राग यायचा, म्हणून दर शनिवारी त्या वर्गातच कोर्ट भरवत. फळ्यावर एक साल लिहायचं. आपण त्या सालातले वकील. त्या सालानंतरचा एकही कायदा तोंडातून निघाला, की खटला हरलात. शिवाय दंड म्हणून साऱ्या वर्गाला गेटबाहेरच्या ठेल्यावर आलूगुंडे खाऊ घालायचे. तिकडे महाराष्ट्रात त्याला बटाटेवडा म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे.

पहिल्याच शनिवारी फळ्यावर होतं १७७५. कलकत्त्याचं नवंकोरं सुप्रीम कोर्ट आणि खोट्या सहीसाठी फाशी होऊ घातलेला माझा अशील. मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "मॅडम, कलम एकवीस! जगण्याचा हक्क!"

मागच्या बाकावरून शांत आवाज आला, "हरकत आहे. राज्यघटनेला अजून पावणेदोनशे वर्षं आहेत. ते साल अजून आलं नाही."

वर्ग खो खो हसला. मी आलूगुंडे खाऊ घातले. पुढच्या महिन्यात १८९० सालच्या कोर्टात मी बिलासपूरच्या हायकोर्टात अपील करते म्हणाले, तेव्हा पुन्हा तोच आवाज आला, "हरकत आहे. बिलासपूरचं हायकोर्ट तर माह्यापेक्षा थोडंसंच मोठं आहे." पुन्हा आलूगुंडे. ठेलेवाला मला दुरून येताना पाहूनच कढई चढवू लागला.

"तुले एवढी सालं पाठ कशी काय राहतात रे?" एकदा मी वैतागून विचारलं. आम्ही ठेल्यामागच्या बाकावर बसलो होतो. वर्गासमोर हिंदी आणि आमच्या दोघांत मराठी, असं आपोआपच ठरून गेलं होतं.

"आमच्या घरी कायद्याची तारीख म्हणजे सण राहते," तो म्हणाला. "सव्वीस नोव्हेंबरले आई खीर करते, संविधान दिन म्हणून. कोणता दरवाजा कोणत्या साली उघडला, हे आमाले लहानपणीच पाठ होऊन जाते. तुमच्यासाठी तो दरवाजा उघडाच असन, म्हणून तुले सालाची गरज नाही पडली."

टोमणा नव्हता त्यात. त्याने ते इतक्या सहज सांगितलं की मला एकदम लाजच वाटली. गजभिये म्हणजे बौद्ध, हे मला आडनावावरून कळलं होतं. मी झंझाड, भंडाऱ्याकडची कुणबी, हे त्यालाही कळलं होतं. आमच्या लोकांत नावाच्या आधी आडनाव आणि आडनावाच्या आधी गाव विचारतात. तेवढ्यात सगळं समजून जातं, आणि समजल्यावर दोघंही वेगळ्याच विषयावर बोलू लागतात.

मी वेगळ्याच विषयावर बोलू लागले. "बाबा काय करतात तुझे?"

"लोको पायलट. मालगाडी चालवतात. तुझे?"

"रिटायर झाले. स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये होते. पटऱ्या बनवायचे."

"बापरे!" तो डोळे मोठे करून म्हणाला. "म्हणजे माह्या बाबाची गाडी तुह्या बाबाच्या भरवशावर चालून राहिली इतके वर्ष!"

"मग! मोजून आभार मान."

"मानतो नं. रोज एक मानत जाईन... चालते का?"

मी कान लाल झाले म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि ऊन फार आहे म्हणाले. आभाळ चांगलं भरलेलं होतं.

असे ते महिने गेले. आई डब्यात कोथिंबिरीची सांभारवडी द्यायची, मी चार जास्त मागून घ्यायचे. लायब्ररीत तो माझ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवायचा, आणि मी आले की काही न बोलता बॅग उचलायचा. त्या पहिल्या दिवसासारखीच. मी त्याला चिडवायचे, तो मला सालं शिकवायचा, आणि मला इतिहास आवडू लागला. खरं तर शिकवणारा आवडू लागला होता. इतिहास त्याच्या पाठोपाठ आला.

पण तो काही म्हणेना! डोळे बोलायचे, चष्मा घसरायचा, जीभ मात्र ढिम्म. शेवटी जानेवारीत मीच विचारलं, "अमर, तुले काही सांगायचं आहे का मले?"

तो पुष्कळ वेळ पुस्तकाच्या कडेवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "आहे. पण... ते साल अजून आलं नाही, नीतू."

इतका राग आला म्हणून सांगू! "इथं रविवारी गोंदियाचे पाहुणे येऊन राहिले मले पाहाले. पीयूष नाव आहे पोराचं, इंजिनिअर आहे. माह्या देवराव मामानं आणलं स्थळ. तू बस सालाची वाट पाहत!"

तो पांढराफटक पडला. मी पाय आपटत निघून आले आणि ऑटोत बसल्यावर रडले. मराठीत कुणाला शिव्या द्याव्यात तर समजणारा एकच, आणि तोच सोबत नव्हता.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशीचा शनिवार. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, १८७५.

"मुलगी हिंदू, मुलगा बौद्ध," त्या म्हणाल्या. "विवाह अधिकाऱ्याकडे आले आहेत. तीन वर्षांपूर्वी, बहात्तर साली, नवा कायदा झाला आहे. नीतू, तू मुलीची वकील. अमरदीप, तू अधिकारी."

मी मॅडमकडे पाहिलं. त्या खडूची भुकटी झटकण्यात फार गुंग होत्या. सरदारजींची बायको ती, तिला काय दिसत नव्हतं?

तो बहात्तरचा कायदा अमरनेच मला शिकवला होता. धर्मविधीशिवाय लग्न करता येईल, पण एका अटीवर. दोघांनीही लिहून द्यायचं की मी हिंदू नाही, बौद्ध नाही, ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही... म्हणजे कुणीच नाही. अधिकाऱ्याचं काम त्या दिवशी सगळ्यात सोपं होतं. कायदा वाचायचा, सही मागायची, खटला जिंकायचा. माझ्याकडे तर हरण्यावाचून काही नव्हतं.

मी उभी राहिले. या वेळी एकही साल चुकवायचं नाही, असं ठरवूनच आले होते.

"साहेब," मी म्हणाले, "माझी अशील रोज आईसोबत तुळशीला पाणी घालते. हा मुलगा आजीचा हात धरून विहारात जातो. दोघांनाही आपलं काही टाकायचं नाही. फक्त एकमेकांना घ्यायचं आहे. लग्नासाठी यांनी खोटं लिहून द्यायचं का? तुम्ही सांगा. मागता सही?"

मी त्याच्याकडे पाहत उभीच राहिले.

अमर उभा राहिला. हातात कायद्याचा कागद. एक वाक्य वाचायचं होतं त्याला, फक्त एक. तो कागदाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. चष्मा घसरला, त्याने वर ढकलला नाही.

"सहीची गरज नाही," तो म्हणाला. "कुणी काहीच सोडायचं नाही. मुलगी तिच्या तुळशीसोबत, मुलगा त्याच्या विहारासोबत. दोघांचं लग्न लागेल. विशेष विवाह कायदा, एकोणीसशे चौपन्न."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग जो गलका उठला! "अरे, गजभिये! पूरे उन्यासी साल आगे!" बाकं वाजू लागली. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "अमरदीप, फळ्यावर काय साल आहे?"

"मालूम है, मॅडम."

"मग तू हरलास."

"जी, मॅडम," तो म्हणाला, आणि इतका खूश होऊन खाली बसला की जिंकलेली असूनही मला रडू आलं.

ठेल्यावर झिमझिम पाऊस होता, थंडीतला. सारा वर्ग अमरच्या पैशाने आलूगुंड्यांवर तुटून पडला. तो एक द्रोण घेऊन मागच्या बाकाजवळ आला, जिथे मी पाठ करून बसले होते.

"चूक झाली का?" मी न वळता विचारलं.

"नाही. पाहून-समजून केली." तो बाजूला बसला. मधे थोडं अंतर ठेवून, मग ते थोडंही न ठेवता. "तू विचारलं, मागता सही? आणि... नाही निघालं तोंडातून. खोट्या कोर्टातही नाही. तुले म्हणू मी, की तू जे आहे ते नाही म्हणून लिहून दे?"

पाऊस द्रोणात पडत होता.

"मी तुले सांगत राहिलो, साल आलं नाही, साल आलं नाही. तिथं उभा राहिलो तेव्हा समजलं. ते साल तर माह्या बाबाच्या जन्माच्या आधीच येऊन गेलं, नीतू. मीच उशिरा पोचलो. भेत होतो. तुह्या बाबाले, माह्या घरच्यांले... तू नाही म्हणशील त्याले तर सगळ्यात जास्त." त्याने श्वास घेतला. "माह्यं प्रेम आहे तुह्यावर. ऑटोतल्या त्या गोट्यांपासून."

"एवढं सांगाले आलूगुंडे खाऊ घालावे लागले?" मी म्हणाले. मला हसायचं होतं, पण डोळ्यांतून पाणीच आलं. "माह्यं बी आहे. कलेक्टर कुठला!"

त्याने माझा हात धरला. बेसनाचा, तेलकट हात. सोडला नाही.

घरी रुआबांध्याला पोहोचले तेव्हा आई उद्यासाठी सुपात पोहे निवडत होती आणि बाबा अंगणात तुळशीजवळ खुर्ची टाकून बसले होते. ओढणी ओलीच होती. बदलायला गेले असते तर हिंमत वाळून गेली असती.

"बाबा, पाहुण्यांना नका बोलावू उद्या."

बाबांनी वर पाहिलं. "कावून?"

मी सांगितलं. सगळं. बाबांनी गाव विचारलं, सांगितलं. आडनाव विचारलं.

"गजभिये."

सूप थांबलं. बाबा उठले, फाटकापर्यंत गेले, तिथेच पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आई हळूच म्हणाली, "सांभारवड्या कोण खाऊन राहिलं, ते मले दिवाळीपासून मालूम होतं." तिचा आवाज ना रागाचा होता ना आनंदाचा.

बाबा परत आले. "लोक बोलतीन," ते म्हणाले. "देवराव तर महिनाभर बोलन." मग माझ्याकडे न पाहता, तुळशीकडे पाहत त्यांनी विचारलं, "एक सांग. तो पोरगा तुले काही सोडाले लावून राहिला का? देव, घर, नाव... काही?"

"नाही, बाबा," मी म्हणाले. "त्याच्यासाठीच तर तो आज हरला."

आणि मी त्यांना १८७५ सांगितलं. बाबांनी सगळं ऐकलं. मिलमध्ये तापलेली पटरी पुढे जाताना ते जसे हात मागे बांधून पाहत असतील, तसे.

"त्याले म्हणजो, उद्या ये," शेवटी ते म्हणाले. "एकटा नको. मायबापाले घेऊन. आमच्याकडं पोरगं एकटं नाही येत पाहाले." मग फोन हातात घेऊन पुटपुटले, "देवरावले मी सांगतो. अन् त्याच्या बापाले विचारतो, आमची पटरी कशी निघाली म्हणून. तीस वर्षांत कोणी सांगितलंच नाही."

आईने सुपात आणखी दोन मुठी पोहे टाकले.

रविवारी सकाळपासून मी आरशासमोर. दहा वेळा ओढणी बदलली. खिडकीतून दिसणारा रस्ता सुनसान. शेवटी न राहवून मेसेज केला, 'साल आलं का?'

लगेच उत्तर आलं. 'आलं. दाराशी उभं आहे, मायबापासोबत. तुमची घंटी खराब आहे, नीतू. दार उघड.'