फोनवरची बुधरी

आमच्या गावात फोनला रेंज नाही. मागच्या टेकडीवर चढलं की मिळते. बाजाराच्या दिवशी मी फोन घेऊन वर जायची, सोबत बुधरीची आई. बुधरी माझी मैत्रीण. शकुबाई नावाची बाई तिला हैदराबादला घरकामाला घेऊन गेली, त्याला वर्ष होत आलं होतं.

फोन तिकडूनच यायचा. "मी मजेत हाय. हर्षा, तू बी ये. पावसाचा पाणी सरला का शकुबाई येईन तुले न्याले."

आवाज तिचाच. पण तिची आई त्यांच्या माडिया बोलीत काही विचारी, तर बुधरी मराठीतच बोले. आईला मराठी जेमतेम कळतं, हे पोरीला माहीत नव्हतं का?

"आईसंग तुमच्या बोलीत बोल ना," मी एकदा म्हटलं.

पलीकडे नुसता श्वास... मग त्याच सुरात, "हर्षा, तू बी ये."

माझी बॅग मात्र भरून तयार होती. गावात काम कुठं होतं?

श्रावणात पूर आला. भामरागडचा रस्ता बुडाला, डोंगेही बंद. अशात एका दुपारी मी तिच्या आईकडे बसले होते, तर बुधरी दारात उभी. वाळलेली, केस कापलेले. आई तिला कवटाळून रडत राहिली. कशी आलीस, हे विचारलंच नाही. मी विचारलं.

"आली," एवढंच म्हणाली.

"फोनवर तर मजेत हाय म्हनत होती?"

"फोन? तो तर पह्यल्याच दिवशी हिसकला त्याहीनं, आमा तिघींचाबी."

"मंग ते कोण...?"

"तू जाऊ नको, हर्षा."

पूर ओसरला तशी शकुबाई जीप घेऊन आली. मी बुधरीच्या अंगणात होते.

"मी नाई येत," मी म्हटलं. "बुधरीनं सांगितलं मले."

शकुबाई हसली. "बुधरीनं? ती तर हैदराबादले हाय. काई बी बोलते."

तेवढ्यात बुधरी पाण्याची घागर घेऊन अंगणात आली. शकुबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती मागं मागं सरकली. "हिले तर आमी..." धावत जाऊन जीपमध्ये बसली.

बुधरी जीप दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. मग आईकडे वळून माडियात बोलली. तेवढी माडिया मलाही समजते.

"आज भात जास्त टाक. आणखी दोघी येऊन राह्यल्या."

मी रस्त्याकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

आईनं काही न विचारता तांदूळ काढले.